टेबल थोडं मोठं, बॉल थोडे लहान

प्रिय दादा,

टीव्हीवर तुझी मुलाखत पाहिली. पूलचे एवढे करंडक जिंकलेला माणूस आता स्नूकरमध्ये उतरतोय, तर दोन्हींत फरक काय, असं त्या बाईंनी विचारलं. तू पायावर पाय टाकून म्हणालास, टेबल थोडं मोठं, बॉल थोडे लहान, बाकी सारखंच. धन्य आहे! विहिरीत पोहणाऱ्याने समुद्राकडे बघून म्हणावं, पाणी थोडं जास्त दिसतंय. मी दात घासत होते, सगळी पेस्ट आरशावर उडाली. आणि काल सोडत निघाली. पात्रता स्पर्धेच्या शेवटच्या फेरीत तुझी गाठ माझ्याशीच. जिंकलास तर व्यावसायिक खेळाडूचं कार्ड तुझं. मी हरले तर माझं जाणार, कारण क्रमवारीच्या यादीत मी अगदी कडेला लटकतेय, हे आपल्या घरात सगळ्यांना तोंडपाठ आहे. सख्खे बहीणभाऊ म्हणून वार्ताहरांना मात्र उकळ्या फुटताहेत.

तुझ्या पूलबद्दल मला काय वाटतं ते तुला ठाऊक आहे, तरी पुन्हा सांगते, कारण तुझी आरती ओवाळणारे फार झालेत. तुमच्या त्या पॉकेटात कलिंगडसुद्धा जाईल. वर मोठ्याने गाणी, शिट्ट्या, अंगात जाहिराती चिकटवलेला शर्ट, आणि सुरुवातीलाच धाडकन फोडाफोडी! म्हणून तर लोक तुला ‘तोफ’ म्हणतात आणि तू ते कौतुकाने टोपीवर छापून घेतोस. बाबांच्या हॉलमध्ये पुढच्या चार टेबलांवर तुझी ही आतषबाजी चालायची आणि मागच्या अंधाऱ्या खोलीतल्या एकुलत्या स्नूकरच्या टेबलावर मी आणि बाबा. तासभर खेळून मी एकही बॉल आत घालायचा नाही, फक्त पांढरा नेऊन पलीकडच्या कडेला चिकटवायचा, अशी शिकवणी. तू मध्येच डोकावून जांभई द्यायचास. आईच्या काचेच्या कपाटात आजही तुझे करंडक वरच्या तीन फळ्यांवर आहेत, आणि माझी एकमेव ढाल दारापाशी किल्ल्या ठेवायला वापरतात.

तुझे आधीचे दोन्ही सामने मी मागच्या रांगेत बसून पाहिले. हो, तिकीट काढून. आधी ते स्नूकरवाल्यांचं जाकीट! पात्रता मिळायच्या आत शिंप्याकडून नवंकोरं शिवून घेतलंस आणि वहिनीने त्याचे फोटोही सगळ्यांना पाठवले. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. मग पहिल्याच फटक्याला लाल बॉलांचा गठ्ठा उधळलास. अरे, तिथे कडेच्या लालला नुसता स्पर्श करून पांढऱ्याला घरी परत आणायचं असतं, हे मागच्या खोलीतल्या उंदरांनाही माहीत होतं. लांबच्या बॉलसाठी क्यू टेकवायला रेस्टची काठी घ्यायची तुला लाज वाटते, म्हणून एक पाय टेबलावर टाकून असा काही पसरलास की पंच दुसरा पाय जमिनीला टेकलाय का ते वाकून बघत होते. एक बॉल पॉकेटच्या तोंडाला घासून बाहेर आला तर तू कापडावर हात फिरवून बघितलास. नाचता येईना, अंगण वाकडं!

आणि खुर्ची. समोरचा खेळत असताना नुसतं बसायचं असतं, दादा. तू पाणी प्यायलास, बुटाची नाडी बांधलीस, सोडलीस, पुन्हा बांधलीस, छताकडे बघितलंस. पूलमध्ये तुझी पाळी दोन मिनिटांत येते. इथे समोरचा अर्धा तास खेळतो आणि आपल्या वाट्याला जे उरतं त्याला हात लावायची सोय नसते. ज्याला हे सोसत नाही तो उठल्यावर पहिलाच फटका रागाने मारतो. तू दोन्ही सामन्यांत तेच केलंस. समोरचे दोघे तुझ्या नावालाच घाबरले होते, म्हणून निभावलं. मी तुझ्या नावाला घाबरत नाही. तू झोपेत बडबडतोस आणि पालीला घाबरतोस, हे मला माहीत आहे.

सगळे मला विचारतात, पूलचा एवढा मोठा खेळाडू स्नूकरमध्ये टिकेल का? मी तोंडावर सांगते, नाही. आमच्यातले तिकडे जाऊन जिंकतात, तिकडचे इकडे येऊन हात हलवत परततात. त्यात तुझी छत्तिशी उलटली. पण खरं सांगायचं तर दुसऱ्या सामन्यात शेवटचा काळा बॉल तू टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मारलास, कडेकडेने, अगदी हळू, आणि तो आत पडल्यावर लोक टाळ्या वाजवायलाही विसरले. असा फटका मला आजवर साधलेला नाही. त्या रात्री मी जेवले नाही.

एवढं सगळं तुला घाबरवायला लिहितेय असं वाटलं असेल, तर तसं नाही. आज सकाळी आईचा फोन आला होता. तिच्या पोटात काही राहत नाही, हे तू विसरलास. तू सोमवारी आयोजकांना कळवणार आहेस, की पाठ धरली, खेळता येणार नाही. म्हणजे न खेळताच मी पुढे जाईन आणि माझं कार्ड वाचेल. आई म्हणाली, बघ, तुझा दादा तुझ्यासाठी काय करतोय. तिला वाटलं, मला रडू येईल. आलंही, पण संतापाने. कोणी सांगितला तुला हा शहाणपणा? बारा वर्षं त्या हिरव्या कापडावर मान मोडून मी जे मिळवलं, ते तू मला खाऊसारखं हातावर ठेवणार? उद्या मी कोणालाही हरवलं तरी लोक म्हणतील, ही भावाच्या दयेवर टिकली. आणि मलाही तेच वाटत राहील. तेव्हा नीट ऐक. तुझं नाव मागे गेलं तर त्याच दिवशी माझंही जाईल. मी अर्ज लिहून तयार ठेवलाय, फक्त सही राहिलीय. मग आईला सांग, तू माझ्यासाठी काय केलंस ते. पाठ दुखत असेल तर शेक घे, ते नवंकोरं जाकीट घाल आणि ये. मला हरव, जमलं तर. हरले तर मी तुझ्याशी वर्षभर बोलणार नाही, पण तू आला नाहीस तर कधीच बोलणार नाही.

तुझीच,
धाकटी