पहिल्या हिसक्याला

आबा,

आज खंडेनवमी. तुमच्या सुनेनं ती पेट्रोलवरची करवत अंगणात काढली, पुसली, साखळीला तेल दिलं, हळदकुंकू वाहिलं आणि दोरी ओढली. पहिल्याच हिसक्याला सुरू. माझ्या हातून ती अशी कधी सुरू झाली नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे. मग मला म्हणते, "मामंजींना पत्र लिवा. म्हनावं, आजबी पयल्या हिसक्याला चालू व्हतीया. अन् त्येंच्या तसबिरीमागं ठिवा."

लढाई संपल्यावर नगरच्या लष्करी लिलावात तुम्ही ती घेतलीत. दोघांनी धरायची करवत. इंजिनाकडची मूठ तुमची, टोकाकडची माझी. बेलापूरच्या आपल्या लाकडाच्या वखारीत माणसं नुसती बघायला जमायची. माझं नुकतंच लग्न झालेलं. सून सासऱ्याशी बोलत नसे, म्हणून ती पदर सावरून मला सांगायची आणि मी तुम्हाला, तुम्ही चार हातांवर उभे असलात तरी.

त्या दिवशी आंब्याचा बुंधा अर्धा कापला आणि करवत बसली. सुरू होते, भकाभका धूर ओकते, पुन्हा गप्प. मी म्हणालो, "आबा, पेट्रोलात मिसळायचं त्याल जास्त पडलंय." तुम्ही मानही वर केली नाहीत. "तू मूठ धर. डोकं चालवू नगं." दुपारपर्यंत तुम्ही पेट्रोलची नळी काढताय, फुंकताय, परत बसवताय. मग तुमची सून भाकरी घेऊन आली. रोज कंदिलाच्या काचा पुसणारी बाई; तिनं धुराचा वास घेतला आणि माझ्या कानाशी म्हणाली, "मामंजींना सांगा, आत काजळी धरली आसंल. त्याल लई झालंय." मी सांगितलं, तिचं नाव घेऊन. तुम्ही लगेच प्लग काढलात. काळाकुट्ट, ओला. तुम्ही हसलात आणि माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत म्हणालात, "सूनबाई, इकडं ये. ह्यो पाना घे. हितनं फुडं प्लग तूच बघायचा."

त्या पान्याला तुम्ही मला कधी हात लावू दिला नव्हता.

मी जळलो, आबा. बायकोवर जळलो, आणि अजून जळतो. त्यानंतर तुम्ही दोघं सरळ बोलायला लागलात. साखळी किती ताणायची, दाताला कानस कोणत्या अंगानं लावायची, सगळं तिला. मी तिथेच उभा असायचो. शेवटच्या आजारातही तुम्ही विचारलंत ते तिला, "साखळी सैल तर न्हाई ना पडली?" मी पाय चेपत होतो. सकाळी मीही तेलच म्हणालो होतो, एवढं एकदा तरी तुम्ही कबूल करायला हवं होतं.

तिचा निरोप पोचवायचा नाही, असं ठरवूनच मी लिहायला बसलो होतो. एक पत्र तरी फक्त तुमचं आणि माझं असावं. आता वर बघतो तर तो निरोप सगळ्यात आधी लिहून बसलोय, तिच्याच शब्दांत. म्हणून हे तसबिरीमागे ठेवत नाही. तिनं विचारलं तर ठेवलं म्हणून सांगेन.

ती बाहेरून हाक मारतेय. टोकाची मूठ धरायला माणूस हवाय.