साठ सदऱ्यांची बटणं

सूनबाई,

तू विश्वास ठेवणार नाहीस, अख्खी गल्ली ठेवणार नाही, पण साठ सदऱ्यांना बटणं मी एकट्याने लावली. काल दुपारी तू तापात आडवी झालीस ती उठलीच नाहीस. आज माल पोचला नाही तर मुकादम काम दुसरीला देणार, असं झोपेतसुद्धा बडबडत होतीस. मग काय, बसलो सुई घेऊन. तरुणपणी मी धावत्या घोड्यावर सुईत दोरा ओवायचो, घोड्याला पत्ताही लागायचा नाही!

माल घेऊन कारखान्यात चाललोय. शेवटच्या सदऱ्याला एक बटण कमी पडलं, तो खुंटीवर आहे. भात झाकून ठेवलाय, खाऊन मगच गोळी घे.

माझा मुलगा गेल्यापासून तू कुणाकडून चमचाभर साखरही घेतली नाहीस, म्हणून आधीच सांगतो : खालच्या शिवणवाल्या बाई इकडे फिरकल्यासुद्धा नाहीत.

— बाबा

(त्याच कागदावर, खाली)

बाबा,

वाचता वाचता एकटीच मोठ्याने ओरडले, "खोटं! साफ खोटं!" चार वर्षं झाली, तुमचं फाटलेलं शिवायलासुद्धा सुई मीच ओवून देते. खुंटीवरच्या सदऱ्याला बटणाखालचा दोरा उलटा गुंडाळलाय, डावऱ्या हाताने. आपल्या गल्लीत डावरी एकच आहे.

तिचा चष्मा माझ्या उशाशी राहिलाय. त्याच्याशिवाय तिला काही दिसत नाही, सकाळपासून काम अडलं असेल. खाली देऊन येते. भात दोघींपुरता आहे, तोही नेते.