एकशे चार सेंटिमीटर

२ जून
नवी नोकरी, नवं टेबल, खिडकीतून भरपूर उजेड. पंखा आवाज न करता फिरतो; मागच्या नोकरीच्या मानाने ही चैनच. काम आवडीचं आहे. घरातून काढून संस्थेत ठेवलेली मुलं पुन्हा आईवडिलांकडे गेली की तिथे टिकतात का, ते आकड्यांतून शोधायचं. पाच वर्षांच्या नोंदी, २१४ मुलं. प्रमुखबाईंना सगळे ताई म्हणतात. कारकूनकाका म्हणाले, मॅडम, इथून घरी गेलेलं मूल परत येत नाही, गॅरंटी लिहून देतो.

शेजारच्या खोलीत सहा वर्षांची एक मुलगी आहे. तिला सगळे भिंगरी म्हणतात, कारण ती एका जागी बसत नाही. तिने माझा उंची मोजायचा टेप पळवला. शेवटी खेळ ठरला: मी शून्याचं टोक धरायचं, तिने आपली उंची ओरडून सांगायची. एकशे बारा! वीस तारखेला ती आईकडे जाणार. आई शिवणकाम करते.

५ जून
खरंच, एकही मूल परत आलेलं नाही. इतकं स्वच्छ उत्तर मला आवडत नाही. नोंदी तपासल्या. घरी जाण्याआधीच्या उंच्या १०७ ते १४१. घरी गेल्यावर प्रत्येकाची, दर वर्षी, १०४. कार्यकर्त्यांनी घरी न जाताच रकाने भरले असणार. राग आला. काका म्हणाले, उंची काय चाटायचीय? मूल घरी गेलं ना?

९ जून
स्वतः एका घरी गेले. वडील ड्रायव्हर. मुलगा अकरा वर्षांचा, सातव्या वर्षी परत आलेला. दाराच्या चौकटीवर, संस्थेत नेण्याआधीच्या पेन्सिलच्या खुणा. शेवटची खूण आज त्याच्या डोक्याच्या चार बोटं वर. टेप लावला: १०४. मी सांगितलं नव्हतं, तरी तो श्वास रोखून उभा राहिला. आई म्हणाली, रडत नाही, हट्ट करत नाही, काही मागत नाही. माझाच आहे हो, पण उरलेला कुठे ठेवलाय, तेवढं विचारा.

तिच्या सात तक्रारी फायलीत आहेत. प्रत्येकीवर शेरा: आईचं जुळवून घेणं अपुरं. आकडेवारीसाठी त्या शेऱ्याला यादीतला क्रमांक मीच दिला होता, गेल्या आठवड्यात, चहा पीत.

१२ जून
आणखी सहा घरं. सर्वांत मोठी मुलगी तेरा वर्षांची. १०४. सगळी १०४. नोंदींत कुणी खोटं लिहिलेलंच नाही.

१६ जून
ताईंना विचारलं. चिडल्या नाहीत, खुर्ची पुढे केली. म्हणाल्या, अगं, पूर्वी निम्मी मुलं परत यायची. घराला जेवढं मूल पेलतं तेवढंच परत द्यायचं, हे आम्ही उशिरा शिकलो. आणि बाकीचं? विचारलं तर म्हणाल्या, तुझा अभ्यास परत गेलेल्यांवर आहे.
खुर्ची मागे सारून उठले. घराला एक खोली जास्त द्यायची नाही, मूलच कमी करायचं!

१९ जून
पोलिसांना फोन, वरच्या कार्यालयाला फोन. दोघांनीही विचारलं, तक्रार आईची आहे का? भिंगरीच्या आईकडे गेले. तिने नवा फ्रॉक दाखवला. आत चार बोटं दुमड ठेवलीय, पोरगी वाढती आहे म्हणाली. मग सगळं ऐकून मशीन थांबवलं. लगेच निघाली. भेटीची वेळ नाही म्हणून संस्थेच्या फाटकावरूनच परत पाठवली.
भिंगरीला मोजलं. ११२. टेप तिच्याकडेच ठेवला.

२० जून, सकाळी ९:४०
वेळेसह लिहितेय, पुरावा हवा. आई बाकावर, मांडीवर फ्रॉक. काका म्हणतात, पोरगी तयार होतेय.
तयार.
फायलींच्या खोलीत आणखी एक दार आहे. आतून कडी.

९:४६
काका मला ओढतायत, नोकरी जाईल म्हणे. जाऊ दे मसणात. आई धावत आली, दोघींनी खांदे लावले —
दाराखालून टेपचं टोक आलं. शून्य. घट्ट धरलं. आतून तिचा आवाज, खेळातला: एकशे बारा!
आहे गं मी, भिंगरी. मी —
एकशे अकरा.
नाही.
एकशे दहा. हळू. नऊ. आई नुसती हाका मारतेय. बिजागरी हललीय, अजून थोडं — एकशे सात — सोडू नकोस गं, धर — एकशे सहा — एकशे