अर्ध्यावरची बोअर

१४ नोव्हेंबर २०१८, डहाणू

करंजपाड्याला बोअरची गाडी पोचली एकदाची. तलासरीच्या फाट्यापासून आत वळवताना आंब्याच्या दोन फांद्या तोडाव्या लागल्या. त्यावरून भांडण. आंबा जमनी धोडीचा, बोअरच्या जागेला लागून शेतही तिचंच. मागच्या खेपेला ग्रामपंचायतीत सदस्य होती. पद गेलं, आवाज राहिलाय.

"इचारलं कोणाला?"

पंचायतीचा ठराव दाखवला.

"ठराव झाडाला इचारून केला का?"

गाडी पुढे घ्यायला सांगितली. उत्तर दिलं असतं तर वाईट दिलं असतं.

राऊत दिवसभर सावलीत. विद्यापीठाच्या जलसंशोधन संस्थेत माझे उपसंचालक. संचालकाची खुर्ची त्यांना हवी होती, मला मिळाली, दोन वर्षं झाली तरी घशाखाली उतरलेलं नाही. "पाणी काढायचं नाही तर एवढी खोल बोअर कशाला, मॅडम? धाकट्या डहाणूच्या खाऱ्या विहिरींवर आपलं नाव होतंय." आपलं म्हणजे त्यांचं. मला खडकात खोलवर पाणी कुठून कुठे सरकतं ते बघायचंय. या संस्थेत आले ती त्याच एका कामासाठी. विद्यापीठाकडे या बोअरसाठी पैसे मागून मागून जीभ झिजली.

उद्यापासून सुरू.

२० नोव्हेंबर

दुपारी ऑफिसात धक्का. कपाटाच्या काचा खुळखुळल्या. राऊत म्हणाले, "ट्रक गेला असेल." संस्था चिकूच्या वाडीत आहे. इथे ट्रक कुठला?

लगेच मुरुगनचा फोन. बोअरची गाडी त्याची, माणूस तमिळ, हिंदी मोडकी. "मॅडम, जमीन हिला. गाँव का पूरा लोग इधर आया. मैं मशीन बंद किया."

मी म्हटलं, चालू कर. त्याने फोन ठेवला.

२१ नोव्हेंबर

जीप घेऊन सकाळीच करंजपाडा. सगळा पाडा गाडीभोवती. बायका पुढे, जमनी सगळ्यांत पुढे.

"तुमी भोक पाडलं नि धरती हालली."

समजावलं. आपली बोअर काहीशे फुटांची, भूकंप होतो तो कित्येक मैल खाली. म्हटलं, हत्तीला सुई टोचल्यासारखं आहे हे. दोनचार पुरुष हसले. मला बरं वाटलं. मूर्ख मी.

जमनी हसली नाही. "सुई तुमी टोचली. हत्ती आमच्या अंगावर."

काम बंद. बोअर निम्मी झालीय. मुरुगन नजरेला नजर देईना. "मैं नहीं करेगा, मॅडम. मेरा भी घर में बच्चा है." गाडी परत न्यायलाही त्याला पाड्याची परवानगी काढावी लागली. जाताना फांद्या आपणहून बाजूला धरल्या लोकांनी. जा म्हणायची घाई.

३ डिसेंबर

धक्के थांबत नाहीत. कधी दिवसाआड, कधी दिवसात दोनदा. तलासरीकडे लोक थंडीत बाहेर झोपतायत. आपल्याकडे डहाणूला नुसतं हलल्यासारखं होतं, तिकडे कौलं घसरतात.

कुलगुरूंचा फोन. "संस्थेच्या बोअरचा नि भूकंपाचा काही संबंध नाही, असं निवेदन देऊन टाका."

"बघते."

"त्यात बघायचं काय?"

खरं तर मलाही तेच वाटत होतं. पण सही करायच्या आधी रानशेतची निरीक्षण विहीर बघून आले. तिथे कोणी काही खोदलेलं नाही. तरी पाणी वर आलंय. पाऊस कधीच संपला, या दिवसांत उतरायला हवं. पहिल्या धक्क्याच्या आसपास चढलंय, आधी की नंतर, कळायला मार्ग नाही. यंत्र सकाळ-संध्याकाळच नोंद घेतं.

धक्क्याने पाणी हललं की पाण्याने धक्का दिला? करंजपाड्याची बोअर पूर्ण झाली असती तर काहीतरी सांगता आलं असतं. आता...

श्रीला जेवताना सांगितलं. नवऱ्याला माझ्या कामातलं पाणी कळत नाही, मी मात्र कळते. म्हणाला, "म्हणजे तुला माहीत नाही."

"नाही."

"हे तू कुलगुरूंना सांगणार?"

भात गार झाला.

११ डिसेंबर

पेपरात माझा फोटो, जुना. खाली: "बोअरचा भूकंपाशी काडीमात्र संबंध नाही, जलसंशोधन संस्थेच्या संचालकांचा निर्वाळा."

मी कुणाशी बोललेले नाही. राऊतांना बोलावलं. नाकारलं नाही त्यांनी, तेवढं कबूल करायला हवं.

"लोकांना धीर द्यायला नको का, मॅडम?"

"खोटं बोलून?"

"खोटं आहे हे तरी तुम्हाला माहीत आहे का?"

नाही माहीत. तिथेच मला पकडलं. मी दार आपटून बाहेर गेले, माझ्याच खोलीतून.

खुलासा पाठवलाय पेपराला. छापणार नाहीत.

१३ डिसेंबर

फाट्यावर जीपवर दगड. पुढची काच गेली, कपाळाला काच लागली, फार नाही. कुणी मारला दिसलं नाही. रस्त्याकडेला पाचसात जण उभे होते, एकही पळाला नाही. हात मागे बांधून बघत होते.

तलासरीला पोलिसात तक्रार दिली. श्री म्हणाला, "नको देऊस." दिली. रडायला येत होतं म्हणून दिली.

१६ डिसेंबर

पोलिसांनी करंजपाड्यातून तिघांना उचललं. दिवसभर बसवून सोडलं. त्यांत जमनीचा दीर. त्यानेच मारला का, देव जाणे. नावं मी दिली नव्हती. मी फक्त "करंजपाड्याचे" म्हटलं होतं. तेवढं पुरलं.

संस्थेत सगळे गोड बोलतायत. म्हणजे माझी खुर्ची जाणार, असं राऊतांनी सगळ्यांना सांगितलंय.

९ जानेवारी २०१९

नखांतली माती अजून निघत नाही.

दुपारी बोअरचं तोंड बंद करून घ्यायला गेले होते. उघडं राहिलं तर ढोरंबिरं पाय अडकून मरायची. पाड्यातलं कोणी बोलत नव्हतं. पाणी मागितलं तर एकीने तोंड फिरवलं. लोखंडी झाकण बसवून होतंय तोच खालून गुरगुरल्यासारखा आवाज, आणि मग धक्का. आजवरचा सगळ्यांत मोठा. डहाणूला खुर्चीत बसून जे कळतं ते हे नव्हे. पायाखालून काहीतरी धावत गेलं. मी खाली बसले आणि दोन्ही हातांनी गवत धरलं. हत्ती आणि सुई सांगणारी बाई. सगळ्या पाड्याने बघितलं.

मग ओरडा. जमनीच्या घराची मागची भिंत पडली होती. सासू आतच. म्हातारी सकाळपासून तापाने पडून होती, म्हणून आत. मातीविटा काढल्या हातांनी. मीही. दगड मारणारे आणि मी, खांद्याला खांदा, कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

जीपमध्ये मागे आडवी घातली. जमनीने डोकं मांडीवर घेतलं. डहाणूच्या दवाखान्यापर्यंत म्हातारी एकच विचारत होती, कोंबड्या कोंडल्या का. जमनी दर वेळी म्हणायची, "कोंडल्या, आई." कोंबड्या कुठल्या, सगळ्या पळाल्या होत्या.

मांडीचं हाड मोडलंय. जगेल. चालेल की नाही सांगत नाहीत.

बाहेर बाकावर जमनी नि मी. केसांत माती दोघींच्या. चहा आणून दिला, घेतला नाही. म्हणाली, "पोलिसात दिलंय ते मागं घ्या."

"घेते."

"नि मी आभार मानणार नाय."

"मानू नका."

"तुमी नसत्या आल्या तर गाडी नसती, हे कळतं मना. तुमी आल्याच नसत्या कधी, तर भिंत पडली असती का, ते सांगा."

चहा निवला.

११ जानेवारी

तक्रार मागे घेतली. ठाण्यातला हवालदार म्हणाला, "मॅडम, तुमचं नक्की काय ते ठरवा."

२२ जानेवारी

आश्रमशाळेच्या पटांगणात सभा. तहसीलदार, दोन पुढारी, आजूबाजूच्या पाड्यांतले लोक. राऊतही आले, न बोलावता. मला माइक दिला.

तयारी करून गेले होते, काय काय सांगायचं. समोर बघितलं आणि सगळं गेलं. एवढंच म्हटलं, "बोअरमुळे झालं असं मला वाटत नाही. पण बोअरमुळे नाहीच झालं, असं छातीठोक सांगण्याइतकं मला माहीत नाही. पेपरात आलं ते मी बोलले नव्हते. जमिनीखालच्या पाण्याचा याच्याशी काही संबंध असू शकतो. तो कळायला बोअर पूर्ण करावी लागेल."

मागून एक जण: "माहीत नाय म्हणायला पगार देतात का तुमाला?"

हशा, मग ओरडा. पूर्ण करावी लागेल, हे बोलायला नको होतं. एक बाई पोर काखेला मारून अगदी पुढे आली नि माझ्या तोंडासमोर बोट नाचवून तिच्या बोलीत काय काय बोलली. अर्धं कळलं. कळलं ते पुरे होतं. तहसीलदारांनी माइक काढून घेतला. "मॅडमच्या म्हणण्याचा अर्थ असा की घाबरू नका." माझ्या म्हणण्याचा अर्थ तसा नव्हता.

जमनी कडेला उभी होती. ओरडली नाही. बघत होती.

गाडीपाशी राऊत. "झालं समाधान?"

"हो."

झालं नव्हतं. तरी हो म्हटलं.

२८ जानेवारी

विद्यापीठात बोलावणं. कुलगुरूंनी बसा म्हटलं नाही. निवेदन टाइप करून तयार, खाली माझं नाव.

"संचालकाचं काम लोकांना शांत करणं. तुम्ही सभेत जाऊन संस्थेला आरोपी करून आलात."

"मी खरं ते सांगितलं."

"तुम्ही काहीच सांगितलं नाहीत. ते लोकांना जास्त भयंकर वाटतं."

यात तथ्य आहे. माणूस आवडत नाही म्हणून त्याचं सगळंच चुकीचं असेल असं नाही. पण सही केली नाही.

"मग बोअर भरून टाका. सिमेंटने. विषय संपला."

"भरली तर कळायची वाटच बंद होईल."

"कळायला दुसऱ्या संस्था आहेत."

जाताना शिपायाने जिन्यापर्यंत सोडलं. त्यालाच वाईट वाटलं असावं.

१२ फेब्रुवारी

एकाच दिवशी दोन्ही. करंजपाड्याचा ठराव: बोअर भरा. विद्यापीठाचा आदेश: बोअर भरा, आणि महिनाअखेर संचालकपदाचा कार्यभार डॉ. राऊत यांच्याकडे सोपवा. मी "विशेष कामगिरीवर". कामगिरी कुठली ते लिहिलेलं नाही.

गाव आणि विद्यापीठ यांचं आजवर कशावर एकमत झालं नव्हतं.

श्री म्हणाला, "सोड आता. आगरला समुद्रावर जाऊ, मासळी घेऊ." गेलो. बोंबील घेतले. मासळीवाली म्हणाली, "तुमीच ना त्या भूकंपवाल्या?"

१९ फेब्रुवारी

करंजपाडा. कोणी बोलावलं नव्हतं, काही काम नव्हतं. जमनीचं घर पत्रे नि ताडपत्री लावून उभं केलंय. म्हातारी बाहेर बाजेवर, पाय पसरून. मला ओळखलं नाही.

जमनी शेण गोळा करत होती. थांबली नाही.

"सिमेंट टाकणार म्हणे."

"हो. तुमचाच ठराव आहे."

"टाकलं तर हालायचं थांबंल?"

"माहीत नाही."

"नाय टाकलं तर?"

"तेही माहीत नाही. उघडी राहिली तर कधीतरी कळेल, एवढंच."

"कधी?"

तिने शेण पाटीत टाकलं.

"कळून मंग थांबवता येतं?"

"नाही. थांबवता नाही येत."

पाटी उचलून डोक्यावर घेतली. "मंग कळून काय करायचं, बाई?"

मला बाई म्हणाली, मॅडम नाही. परत येताना सगळ्या रस्त्याला तेवढंच डोक्यात. काय करायचं. भिंती कशा बांधायच्या, कुठे नाही बांधायच्या, एवढं तरी. तिला हे सांगायला हवं होतं. सुचलं ते वाटेतल्या आंबोली गावाच्या पुढे आल्यावर. गाडी वळवली नाही.

२८ फेब्रुवारी

कार्यभार दिला. राऊतांनी पुष्पगुच्छ आणवला होता. भाषणात "मॅडमचा अभ्यासूपणा". मी दोन वाक्यं बोलले. दुसरं, पेपरातल्या त्या निर्वाळ्याबद्दलचं, बोलायला नको होतं. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, म्हणजे सगळ्यांना कळलं.

६ मार्च

सकाळी राऊतांचा फोन. आवाज चढलेला. "मॅडम, हे तुम्ही करवलंत का?"

"काय?"

सिमेंटची गाडी काल करंजपाड्याला गेली ती तशीच परत आली. मागच्या आठवड्यात तिकडे सरकारी तंबू वाटले. उतारावर तंबू राहत नाहीत. सपाट जागा अख्ख्या पाड्यात एकच, बोअरसाठी आम्ही केलेली. तंबू तिथेच लागलेत, झाकणाच्या चारी बाजूंनी. लोक हलवायला तयार नाहीत.

म्हटलं, मी केलेलं नाही. विश्वास बसला नाही त्यांचा. माझाही बसला नसता.

गेले, श्रीची गाडी घेऊन. तंबू ओळीने लागलेले. झाकणाला टेकून म्हातारीची बाज, तिच्यावर गोधड्या वाळत. जमनी चुलीपाशी.

"तुमच्यासाठी नाय," मी काही विचारायच्या आधीच म्हणाली. "सपाट जागा हीच. पोरं गडगडतात उतारावर."

"ठराव तुम्हीच केला होता."

"केला होता. आता झोपायचं कुठं, ते ठरावात नाय."

राऊत उद्या तहसीलदारांना घेऊन येणार, हे सांगितलं. "येऊ दे," म्हणाली.

मग माझ्या खांद्यावरच्या पिशवीकडे बघितलं. पाणी मोजायची टेप होती आत. सवयीने घेतली होती.

"पाणी बघाया आल्या?"

"झाकणाला कुलूप आहे. किल्ली आता माझ्याकडे नाही."

"मंग कशाला आल्या?"

उभीच राहिले. तिने बसा म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही. भाकरी थापत राहिली. मधे एक बारीक धक्का येऊन गेला, तव्यावरची भाकरी सरकली, तिने बोटाने परत मधे केली.

उद्या राऊत येतील तेव्हा तिथे जावं की नाही, ठरत नाही.