कडेचा माणूस रुंद दिसते

तीर्थस्वरूप विमलताई,

तुमचे गुडघे सोडून बाकी सगळ्या तुमाले धाकट्या भावजयीचा, वेणूचा, वाकून नमस्कार. गुडघ्यायवर माहा राग आहे, त्यायच्यापायी तुमचं ढाणकीहून इकडं येणं बंद झालं, म्हणून त्यायले नमस्कार नाही. तेल लावता का? नातवाले, पियूषले, सांगून ठेवा का आजीचे पाय चोळल्याशिवाय मोबाईल हातात घ्यायचा नाही. इकडं बाभुळगावले सगळे बरे आहेत. वावरात वखरणी चालू आहे, म्हैस दूध देते पण तोंड वाकडं करून देते. आमचा नयन म्हणते, आई, आत्याले फोन लाव, कागद कायले खराब करते? पण ताई, फोनवर तुमाले ऐकू कमी येते अन् तुमी सगळ्यालेच हो म्हणता. (मागं मी पारडू मेल्याचं सांगितलं, तर तुमी म्हणाल्या, छान झालं.) अन् आजची गोष्ट नुसती हो म्हणून भागणारी नाही. मी चवथीपर्यंतच शिकली, काना-मात्रा चुकला तर तुमच्या भावाची बायको म्हणून पोटात घाला.

तर असं का, यायची, तुमच्या सदाची, वर्सी जवळ आली. तेरवीले जो फोटो पाटावर ठेवलता तो आधार कार्डावरून मोठा केलता. त्यात हे असे पाहून राह्यलेत का कोणी यायचा बैल सोडून नेऊन राह्यलं. तसा चेहरा भिंतीवर रोज कोण पाहील? अन् दुसरा धड फोटो नाही, कारण फोटो म्हटला का यायले कुठचं तरी काम आठवे. एकच सापडला, मागच्या उन्हाळ्यात मारेगावले अर्पिताच्या लग्नातला. (अर्पिता म्हणजे नयनच्या साळ्याची पोरगी. नवरदेव चांगला आहे, फक्त जेवताना बोलते.) फोटोवाल्यानं अख्खा गोतावळा एकाच फोटोत बसवाले कॅमेऱ्याले रुंद काच लावली. हे एका टोकाले मंडपाच्या बांबूजवळ, दुसऱ्या टोकाले आपली विहीण संगीताबाई, अन् मी मधात, नवरीच्या खांद्याले खांदा लावून. फोटो आला तर मी होती तशीच, संगीताबाई दुप्पट, अन् हे काय सांगू ताई! गाल भरलेले, छाती दरवाज्याएवढी, अन् पोट असं का त्या पोटानंच बांबू बाहेर ढकलून वाकवला. मले इतकं हासू आलं का पदर तोंडात घालावा लागला. तोच फोटो नयननं तुमाले पाठवला अन् तुमी म्हणाल्या, हा कोणी ठेकेदार आहे, माहा सदा एवढा रुंद कधी होता? सरळ करून घ्या, मगच भिंतीवर लावा. तुमचा शब्द म्हणजे या घरात सरकारी शिक्का. यायले लहानपणी तुमीच कडेवर वागवलं, अन् मोठेपणी हे तुमच्यापुढं टोपी सरळ करून बसत. तर नयननं लगेच समीक्षाले कामाले लावलं.

समीक्षा, माही नात, यवतमाळले फोटोच्या दुकानात कॉम्प्युटरवर लग्नाचे अल्बम बनवते. सुटीच्या दिवशी लॅपटॉप घेऊन आली अन् मी तिच्या बाजूले खुर्ची ओढून बसली. काय त्या पोरीचा हात आहे ताई! मले म्हणते, आजी, रुंद काच कडेच्या माणसाले ताणते. मी म्हटलं, हे तर पापडासारखं झालं, मधात लाटणं फिरवलं का कडा पसरत जाते. ती म्हणे, तसंच समज. पडद्यावर खिडकीसारखी जाळी आली. बाजूले रेघेवर बसवलेली गोटी, ती इकडून तिकडं सरकवायची. एक गोटी सरकवली का बांबू सरळ होये, पण हे अजून रुंद होत. दुसरी सरकवली का हे बारीक होत, पण बांबू वाके. सारी दुपार हेच. मी म्हटलं, बाई, हा माणूस जन्मभर कोणाच्या सरकवण्यानं सरकला नाही, तुह्या गोटीनं काय सरकते? पोरगी हासून हासून लोळली. मग म्हणे, आता आबाले बांबूपासून वेगळं करते अन् दोघायले वेगवेगळं सरळ करते.

पण आधी तिनं संगीताबाईचं टोक केलं. विहीणबाई अशी बारीक निघाली का फोनवर फोटो पाहून म्हणते, मी आहेच अशी, काच खोटी होती. दिवाणखान्यात लावाले मोठी कॉपी पाह्यजे म्हणते. (काच खोटी असेल, पण बुंदीचे लाडू खरे होते. मी बोलली नाही, सोयरीक आहे.)

मग यायचं टोक झालं. नयन आला, सून आली, सगळे पडद्यावर वाकले. सगळ्यायनं बांबू पाह्यला. ओळंब्यानं लावल्यासारखा सरळ होता. नयन म्हणे, आता आत्या नाव ठेवणार नाही. मी बांबू नाही पाह्यला. मी हात पाह्यला. ताई, तो रुंदपणा होता तोवर काही समजत नव्हतं, पण यायनं तो बांबू धरला होता. सहज टेकला असा नाही, पुरातला माणूस झाडाले धरते तसा. सदरा मीच दोन्ही बाजूनं टीप मारून लहान केलता, तरी खुंटीवर टांगल्यासारखा. गालाच्या जागी खड्डे. त्या दिवशी मी म्हटलं होतं, तुमी खुर्चीवर बसा, तर म्हणे, लोकायच्या लग्नात बसलेला माणूस बरा दिसत नाही. अन् गेले कडेले. मले वाटलं, बायांमधी लाजून गेले. बांबू तिथं होता म्हणून गेले, हे आता समजलं. अन् मी मधात, दात काढून उभी.

पोरीचा काय दोष, तिनं सांगितलं तेच केलं. तिच्या डोक्यावरून हात फिरवला अन् आत जाऊन डाळ निवडत बसली. डाळ निवडलेलीच होती. मग ती एकटी असताना तिले म्हटलं, पहिला फोटो परत दाखव. ती म्हणे, आजी, तो चुकीचा आहे. मी म्हटलं, माहित आहे, दाखव. त्यात हे पोटभर जेवून उभे असल्यासारखे दिसतात. आजारानं जे नेलं ते काचेनं जरासं परत दिलं, असं मले वाटलं.

बाकी सगळं ठीक. लहानायले पापा, मोठ्यायले रामराम, म्हशीनं तुमाले काही सांगितलं नाही.

तुमची
वेणू

ता. क. नयन बाजाराच्या दिवशी सरळ केलेला फोटो फ्रेमवाल्याकडे टाकणार आहे. माहं ऐकत नाही, म्हणते आत्यानं सांगितलं आहे. तर त्याच्या आधी तुमी त्याले फोन करा अन् म्हणा, नीट पाह्यलं, तो ठेकेदारच माहा सदा आहे, तोच लावा. तुमच्या मनातला बारीक सदा म्हणजे कापसाच्या गंजीवर उड्या मारणारा पोट्टा. तो कोणत्याच फोटोत नाही ताई. हा बारीक माणूस तो नाही. मी सांगितलं असं सांगू नका.

आणखी एक. सरळ केलेल्या फोटोची एक कॉपी पाकिटात पालथी टाकली आहे. आधी वाटलं, तुमाले दाखवूच नये, तुमी यायले भरल्या अंगाचेच शेवटचे पाह्यले, ते तसेच राहू द्यावे. पण घरात सगळ्यायनं बांबूच पाह्यला. तो हात मी एकटीनं पाह्यला, अन् एकटीले पेलवत नाही. बसून पाहा.