सहाव्या टप्प्यातली उडी

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकोणसत्तर, व्यवसायाने व्हिडिओ गेमचे टप्पे रचणारी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही, कारण दडपण आणणारे बहुतेक जण माझ्याआधीच निवृत्त झाले. यापूर्वी केलेले मृत्युपत्र मी रद्द करते. का, ते कलम चारमध्ये येईल.

१. खेळणाऱ्याने कुठवर सरळ जावे, कुठे अडावे, कोणती किल्ली आधी शोधावी आणि कोणते दार नंतर उघडावे, हे मी बत्तीस वर्षे ठरवत आले. माझ्या खोल्यांतून इतकी अनोळखी माणसे आपला वेळ देऊन हिंडली, त्या सर्वांची मी ऋणी आहे. चौकटीच्या कागदाच्या एकतीस वह्या, खोल्या मांडून बघायचे लाकडी ठोकळे आणि माझी खुर्ची मी आमच्या टेस्टरला देते. गेम बाजारात जाण्याआधी खेळून त्यातल्या चुका काढणे हे त्याचे काम. ऑफिसात त्याला सगळे शंकेखोर म्हणत. तो माझ्या भिंतींतून आरपार गेला, कुलूपबंद दारांवरून उड्या मारून पलीकडे पोचला, आणि माझी चारचौघांत होणारी शोभा त्याने दरवेळी टाळली. वह्यांच्या समासात त्याला घातलेल्या शिव्या आहेत. त्या मागे घेते.

२. बाणवाले साहेब, म्हणजे आमचे डायरेक्टर, यांना काहीही देत नाही. मी कोपऱ्यात एक दिवा लावून वाट सुचवावी आणि यांनी तिथे हातभर चमकता बाण ठोकावा, असे नऊ गेम चालले. घरी जायला त्यांच्याकडे बाण भरपूर आहेत. मात्र माझ्या आजारपणात त्यांनी पाच महिने माझी जागा रिकामी ठेवली, हेही खरे आहे. त्याबद्दल मनापासून आभार.

३. माझी मुलगी सात वर्षांची असताना तिने माझा पहिला टप्पा खेळून पाहिला. वाट उजवीकडे जात होती. ही सरळ डावीकडे गेली, भिंतीला धडकली आणि म्हणाली, “आई, इथे काहीच कसं नाही गं? मी मुद्दाम आले ना!” तेव्हापासून माझ्या प्रत्येक गेममध्ये सुरुवातीलाच डावीकडे काहीतरी सापडते. त्याबद्दल कौतुकाची पत्रे येत. कपाटातली ती सगळी पत्रे मी तिला देते, कारण ती तिचीच आहेत.

४. आता घर. पहिल्या मृत्युपत्रात मी ते मुलीला चार अटींवर दिले होते. तिने अर्धवट सोडलेले शिक्षण पुरे करावे, जहाजावरची स्वयंपाकिणीची नोकरी सोडावी, माझी लेखी माफी मागावी, आणि मग वर्षभर याच घरात राहावे. एक अट पुरी केली की मगच दुसरीचे दार. साक्षीसाठी शंकेखोराला बोलावले. त्याने कागद वाचून खाली ठेवला.

“मॅडम, हा तर आपला सहावा टप्पा झाला.”

मला लगेच कळले. सहाव्या टप्प्यात मी एक उंच कडा केला होता. खाली उडी मारली की वर येता येत नसे, आणि पुढच्या दाराची किल्ली वरच असे. किल्ली न घेता उडी मारणारा जिवंत राही, पण त्याला ना पुढे जाता येई, ना मागे. आमच्या धंद्यात याहून मोठी चूक नाही. मी तेव्हा तावातावाने विचारले होते, “आधी नीट बघायला काय होतं लोकांना?” तो म्हणाला होता, “त्यांचं काय चुकलं? शिडी तुम्ही ठेवली नाहीत.” दुपारपर्यंत मी शिडी लावून दिली होती.

मुलगी जहाजावर निघाली त्या दिवशी मी दारात उभी राहून म्हणाले, “गेलीस तर परत येऊ नकोस.” त्याला नऊ वर्षे झाली. तिने दोनदा फोन केला, मी उचलला नाही. चूक तिची नव्हती, माझी होती.

म्हणून घर, सामान आणि बँकेतली शिल्लक मी मुलीला कोणत्याही अटीशिवाय देते. तिने राहावे, विकावे, नाहीतर कुलूप लावून पुन्हा समुद्रावर जावे.

५. या सर्वाची अंमलबजावणी शंकेखोराने करावी. मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडतात, हे वकिलांनी मला दोनदा समजावले. पण डॉक्टरीणबाई फार तर वर्षभराचे बोलतात. म्हणून याची एक प्रत आजच जहाज कंपनीच्या पत्त्यावर मुलीला पाठवावी.

बाळा, घर मी गेल्यावर तुझ्या नावावर होईल. तू त्याआधी ये. माझं चुकलं.

लिहून देणार: (सही) आई

आमच्या डोळ्यांदेखत बाईंनी सही केली, आणि त्यांच्यासमोर आम्ही:
१. (सही) डॉक्टरीणबाई
२. (सही) खालच्या मजल्यावरचे चष्मेवाले

स्थळ: राहत्या घरातले जेवणाचे टेबल
दिनांक: ४ मार्च, मंगळवार. प्रत दुपारच्या टपालाने रवाना.