मागची फेरी आणि गळकं छप्पर

ती. दादास,

वितालिसचा नमस्कार. तुझा खोकला बरा असेल, वहिनींचे गुडघेही. इकडे सगळे खुशाल आहेत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो.

तुझी पुतणी रेस्तुता बाळंतपणाला घरी आली आहे. तिला मागची खोली दिली, आणि नेमकं त्याच खोलीचं छप्पर गळतं. पाऊस तोंडावर आलाय. (यात काय अवघड, असं तुला वाटेल. तू कार्थेजला राहतोस.) घर बाबांचं, त्यांनी हो म्हटल्याशिवाय इथला खिळा हलत नाही. आणि बाबांच्या मते काळ म्हणजे घाण्याला जुंपलेलं गाढव. तेच त्रॉय पुन्हा जळणार, तेच रोम पुन्हा लुटलं जाणार, तेच छप्पर पुन्हा गळणार. "मागच्या फेरीतही गळलंच होतं की! तेव्हा कोण बुडून मेलं?" असं मलाच विचारतात. मी काय सांगू? मला मागची फेरी आठवत नाही.

बरं, बाबांना न विचारता कौलं आणावीत, तर गावातली एकुलती एक भट्टी माझ्या मेहुण्याची, दातीवसची. तो ख्रिस्ती झाल्यापासून काळ त्याच्यासाठी सरळ रस्ता झालाय: आदमपासून निघाला, सहा हजार वर्षांनी संपला. गॉथ टोळ्यांनी रोम लुटल्याची बातमी आली आणि यानं भट्टीच विझवली. "दाजी, शेवट दाराशी आलाय आणि तुम्ही कौलं कसली मागताय?"

रोज संध्याकाळी दोघं अंगणात ऑलिव्ह चघळत भांडतात. एक म्हणतो सगळं परत येणार, दुसरा म्हणतो काही म्हणजे काही परत येणार नाही, आणि गळतीखाली भांडी मांडायला मी. परवा माझी बायको वैतागून बाबांना म्हणाली, "मामंजी, मागच्या फेरीत जेवलात ना?" आणि भावाला म्हणाली, "तू आता कशाला जेवतोस?" मी थकलोय रे दादा. तिकडून खेचरांवर लादून कौलं पाठव. तू थोरला, तुझ्या कौलांना बाबा नाही म्हणणार नाहीत.

तुझा,
वितालिस

ता. क. खेचरवाला पत्र न्यायला येईपर्यंत रेस्तुता बाळंत झाली. मुलगी. पाऊसही त्याच दुपारी आला. बाबांनी बाळ मांडीवर घेतलं आणि बोलून गेले, "असं नाक आजवर कधी झालं नाही!" (हे बाबा म्हणाले!) दातीवस भर पावसात उठून गेला तो भट्टी पेटवूनच आला. शिवाय हिच्या लग्नाला उपयोगी पडतील म्हणून त्यानं ऑलिव्हची रोपं लावलीत. त्यांना फळ धरायला कितीतरी वर्षं लागतात. जगाच्या शेवटाचं काय झालं विचारलं, तर म्हणतो, हिशेबात थोडी चूक असेल.

पुन्हा ता. क. कौलं नकोत. काल बाबा मला हळूच म्हणाले, "चक्र कितीदाही फिरू दे, वितालिस. दर वेळी ही जन्मेल तेव्हा मी असाच ऐंशीचा असणार. हिचं लग्न मला एकदाही दिसायचं नाही." दादा, किती वर्षं तू येतो येतो म्हणतोयस. या खेपेला ये. पुढची फेरी आहे की नाही, यावर इथे अजून एकमत झालेलं नाही.